मी नसलो की दुकान ठप्प

स्वतःचा धंदा असलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, पण "मी थकलोय" असं क्वचितच म्हणतात. झोप लागत नाही, सारखा खेकसतो अशी बायकोची तक्रार आहे, छातीत धडधडलं म्हणून ईसीजी काढला तर तो नॉर्मल आला, अशा वाटेने ती येतात. बसून पाच मिनिटं होतात न होतात तोच मागणी येते, "मॅडम, मला वेळेचं नियोजन शिकवा." किराणा दुकानदार, छापखानेवाले, क्लास चालवणाऱ्या बाई, सगळ्यांनी हेच विचारलंय. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फलटणच्या बाजूला त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. वय चाळिशीच्या पुढे. दुकानात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. जळालेल्या शेतीपंपाच्या मोटरी भरून देणं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळणं, हे मुख्य काम, शिवाय स्टार्टर, केबल, बेअरिंगची विक्री. हाताखाली चार माणसं. त्यातले मामा म्हणजे जुने कारागीर. हिशोब वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, बघतात. त्यांनीच दादांना माझ्याकडे आणलं, कारण आदल्या आठवड्यात दादांनी वाजत असलेला फोन भिंतीवर आपटला होता आणि त्याच फोनवर मुलगा गेम खेळत होता.

दादांचं म्हणणं सरळ होतं. काम भरपूर, पैसा बरा, पण संध्याकाळी घरी आल्यावर तोंड उघडायची ताकद नसते. दिवसभर दुकानात असूनही जीएसटीचं रिटर्न, बँकेचा कागद, एका कारखान्याचं कोटेशन हे सगळं तसंच पडलेलं. मध्ये फी भरून एका प्रेरणादायी शिबिराला जाऊन आले. तिथे पहाटे पाचला उठायला सांगितलं. ते उठायला लागले. रात्री एकला शेतकऱ्याचा फोन आणि पहाटे पाचचा गजर, यामधल्या वेळात काय राहतं ते सांगायला नको. अशा शिबिरांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. माणसाची झोप आधीच किती आहे हे कुणी विचारत नाही.

मीही लगेच नियोजनाकडे गेले नाही. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह तपासल्याशिवाय थकव्याला मनाचं लेबल लावायचं नाही, हा माझा नियम आहे. साखर काठावर निघाली, बाकी ठीक होतं. नैराश्याचे प्रश्नही विचारले. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन खचलेलं, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असतं तर गोष्ट वेगळ्या दिशेला गेली असती. मनोविकारतज्ज्ञ लागले असते. (रात्री-अपरात्री कुणाला असं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.) दादांचं तसं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची जी व्याख्या केली, ती त्यांना बरीच लागू पडत होती. त्यात तीन गोष्टी आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ताणाशी जोडलेली अवस्था म्हणते. आजार नाही म्हटल्यावर दादांचा चेहरा जरा सैल झाला. मग ते म्हणाले, "मग दोष कामाचाच ना? काम तर कमी करता येत नाही."

मी त्यांना एक वही दिली. एक आठवडा फक्त एवढंच करायचं : कुणीही काही विचारलं की काय विचारलं ते दोन शब्दांत लिहायचं. वेळ लिहायची नाही, कामं लिहायची नाहीत, फक्त प्रश्न.

वही बघून दोघंही गप्प झालो. पानंच्या पानं भरली होती, पण प्रश्न पाच-सहाच होते, फिरून फिरून तेच. "माझी मोटर झाली का?" "साडेसात एचपीचं किती होईल?" "ह्याला किती टर्न, कुठला गेज?" (म्हणजे तारेचे वेढे किती आणि तार किती जाड.) "अमक्याला उधार द्यायचं का?" "वॉर्निश संपलं, आणू का?" यातला एकही प्रश्न अवघड नव्हता. पण प्रत्येकाचं उत्तर दादांच्या डोक्यात होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये मांडलं की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. रिवायंडिंगच्या दुकानात हे डोळ्यांनी दिसतं. मोटर खोलून जळकी कॉइल उपसायच्या आधी स्लॉट (तार बसते त्या खाचा) किती, टर्न किती, तारेचा गेज काय, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) काय, जोडणी कशी हे मोजून ठेवावं लागतं. मोजता मोजता काउंटरवरून "दादा, किती होईल?" अशी हाक आली की आकडा गेला. परत पहिल्यापासून मोजा. दादा दिवसभर काम करत होते हे खरं, पण पहिल्यापासून मोजण्यातच दिवसाचा मोठा भाग जात होता.

तेव्हा आधी प्रश्नांना डोक्याबाहेर जागा दिली. प्रत्येक मोटरला नंबरचा पत्र्याचा बिल्ला आणि भिंतीवर फळा : आली, खोलली, भरणी चालू, वॉर्निश, भट्टीत, टेस्टिंग, तयार. काउंटरवरच्या पोराने फळा बघून फोनवर सांगायचं. भट्टीत सुकायचा वेळ ग्राहकाने कितीही घाई केली तरी कमी होत नाही, त्यामुळे "संध्याकाळी देतो" हे दादांचं नेहमीचं खोटं आश्वासनही फळ्यामुळे आपोआप बंद झालं. भाव एचपीप्रमाणे छापून लावला. तांब्याचा दर सारखा हलतो म्हणून दर सोमवारी दादांनी एकदाच आकडा ठरवायचा, मग आठवडाभर तोच. उधारीचा निर्णय वहिनींकडे दिला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे शिव्या खायला मी." त्यात तथ्य होतं. पण एक फरक पडला. उसाचं बिल कायद्याने 14 दिवसांत मिळायला हवं, पण शेतकऱ्याच्या हातात ते कधी पडेल याचा भरवसा नसतो. "बिल आलं की देतो" असं दादांना तोंडावर सांगून मोकळे होणारे लोक वहिनींसमोर निदान तारीख सांगायला लागले.

रात्रीच्या फोनवर सगळ्यात जास्त वाद झाला. शेतीची वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनी या सरकारी योजनेमुळे काही गावांना दिवसा मिळायला लागली आहे, सगळ्यांना नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी अंधारात विहिरीवर जातो, तीन फेजपैकी एक गेलेला असतो, मोटर गुरगुरते, जळका वास येतो, आणि तो पहिला फोन दादांना लावतो. "माणूस अडचणीत असताना फोन कसा बंद ठेवू?" हा दादांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी विचारलं, रात्री एकला तुम्ही त्याच्यासाठी काय करता? थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "मेन स्विच काढ म्हणतो आणि सकाळी ये म्हणतो." मग तेवढंच त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं, आणि दुकानाचा नंबर वेगळ्या फोनवर टाकून तो दुकानातच ठेवायचं ठरलं. सोबत पाच आणि साडेसात एचपीच्या दोन जुन्या मोटरी दुरुस्त करून बदलीला ठेवल्या. सकाळी सातला येणाऱ्याला अनामत घेऊन पोराने त्या द्यायच्या. शेतकऱ्याचं पाणी थांबू नये ही दादांची खरी काळजी होती. ती रात्री फोन उचलून भागत नव्हती, सकाळच्या बदली मोटरने भागली.

खरी अडचण यानंतर आली, आणि वेळेच्या नियोजनाची पुस्तकं जिथे संपतात तिथे ती असते असं मला वाटतं. वायंडिंगचा डेटा, म्हणजे कुठल्या बनावटीच्या कुठल्या मोटरला किती टर्न आणि कुठला गेज, तो लिहून मामांच्या हाती देणं बाकी होतं. दादा टाळत होते. एकदा वही घरी राहिली, एकदा वेळ झाला नाही. शेवटी बोलले, "सगळं लिहून दिलं तर मामा उद्या समोर दुकान टाकतील. मी पण असंच टाकलं होतं."

तसं होणार नाही असं मी त्यांना सांगितलं नाही. तालुक्याच्या गावात हे होतं, सगळ्यांना माहीत आहे. लहान धंद्यात माहिती हेच भांडवल असतं आणि ते उघडं करायला मालक घाबरतो, याला मी संशयी स्वभाव म्हणणार नाही. पण दादांना दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला सांगितल्या. मामा गेले तर दुकानाचं काय नुकसान होईल? आणि दादा स्वतः महिनाभर आजारी पडले तर? पहिल्याचं उत्तर त्यांनी आकड्यात दिलं. दुसऱ्याचं देता आलं नाही. वहिनी शेजारी होत्या, त्यांनी दिलं : "दुकान विकावं लागेल." डेटाची वही दुकानातल्या कपाटात आली. मामांचा पगार वाढला आणि भरलेल्या प्रत्येक मोटरमागे ठरावीक रक्कम त्यांना मिळू लागली. हा तोडगा दादांचाच, मी फक्त ऐकत होते.

आणि मग गंमत झाली. सगळं सुरळीत चालायला लागल्यावर दादा अस्वस्थ झाले. मामांनी सांगितलेला भाव ते ग्राहकासमोर मोडायला लागले. फळ्यावरचा क्रम बदलून ओळखीच्या माणसाची मोटर पुढे घ्यायला लागले. वहिनींनी नाकारलेली उधारी मागच्या दाराने द्यायला लागले. विचारल्यावर म्हणाले, "दुकानात बसलो तरी मला कोणी काही विचारतच नाही." पहिल्या दिवशी "मी नसलो की दुकान ठप्प" असं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं होतं, पण त्यात अभिमानही तेवढाच होता. दुसऱ्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून चहा आणणाऱ्या मुलाला माणसं येऊन विचारायला लागली, तो दिवस ते विसरले नव्हते. विचारणं थांबलं की आपण परत चहा आणणारे झालो असं त्यांना आतून वाटत होतं. हे त्यांनी फार सावकाश सांगितलं, मध्ये दोन-तीन भेटी गेल्या. माझ्या मते समुपदेशनाचं खरं काम तिथे झालं. फळा आणि बिल्ले कुणीही सुचवले असते.

विचारलं जाण्याची भूक वाईट नाही, ती कशावर भागवायची हे बदलता येतं. दादांचं डोकं सकाळी सात ते दहा सगळ्यात ताजं असतं, हे बोलण्यातून कळलंच होतं. त्या वेळात पूर्वी गर्दी सांभाळायचे. आता परत परत जळून येणाऱ्या मोटरी ते त्या वेळात स्वतः तपासतात आणि गरज पडली तर शेतावर जातात. बऱ्याच ठिकाणी कारण मोटरीत नसतंच. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास केलेला असतो, व्होल्टेज टिकवायला मदत करणारा कपॅसिटर काढलेला असतो, किंवा वीज आल्याबरोबर मोटर आपोआप चालू करणारा ऑटोस्विच बसवलेला असतो आणि सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठल्यावर व्होल्टेज कोसळतं. हे निदान मामांना जमत नाही, पोराला तर नाहीच. आता लोक त्यांना यासाठी बोलावतात. यातून भरणीचं काम थोडं कमी होणार हे त्यांना कळतं. वहिनींना ते पटलेलं नाही. कागदपत्रांसाठी बाजाराच्या दिवशीची दुपार राखून ठेवली आहे, तेव्हा दादा दुकानात नसतातच.

मार्च-एप्रिलचा हंगाम आला तेव्हा रात्रीचा फोन पुन्हा उशाशी आला. एक मोटर मामांच्या हातून चुकीची भरली गेली, आठवड्यात जळून परत आली, आणि दादा सगळंच गुंडाळायला निघाले. तुमच्या हातच्या कधी परत आल्या नाहीत का, असं मी विचारलं. "येतात की," म्हणाले, आणि रात्रीच्या फोनबद्दल काही बोलले नाहीत. फळा राहिला, फोनचं मात्र अजून मिटलेलं नाही. हंगामात रात्री अकरापर्यंत फोन घरी आणि नंतर दुकानात, अशी तडजोड सध्या चालू आहे. वहिनींना दहा हवेत.