खुंटी फिरते, सूर उतरतो

प्रश्न : काका, भजनी मंडळासाठी घरीच एकतारी केली. कडू भोपळा, सागाची दांडी, सगळं काम करवत, पटाशी अन् कानशीवर. पण तार ताणली की एका अभंगात खुंटी फिरते, सूर उतरतो. काय करू?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, हातानं केलीस याचा फार आनंद झाला. खुंटी नुसती गोल असून भागत नाही. ती निमुळती हवी अन् भोकही तितकंच निमुळतं. गिरमिटाचं भोक सरळ असते, खुंटी त्यात एकाच कडेवर टेकते. गोल कानस फिरवून भोक खुंटी घालायच्या बाजूनं मोठं कर. मग आतून कोळशाची पूड लाव, खुंटी घालून फिरव अन् काढ. खुंटीवर जिथं काळं उमटेल तेवढंच पॉलिश पेपरनं घास. डाग सगळीकडे सारखा येईस्तोवर हेच करत राहा. माझी पहिली खुंटी बसायला अख्खी सकाळ गेली होती.

खुंटीही सागाचीच केली असशील तर बदल. सागात मुळातच तेल असते, ती निसटते. शिसवाची कर, वरून खडू घास. तेल चुकूनही लावू नको.

आणखी एक. आपल्याकडचा मे महिना लाकूड सुकवतो, खुंटी ढिली पडते. पावसाळ्यात तीच फुगून अडकते. म्हणून तिला थोडी लांब ठेव, पुढं दाबायला जागा राहते. भोपळा कापायच्या आधी वाजवून पाहिला होता ना? आतल्या बिया खुळखुळल्या तरच तो पुरता वाळला.