आकारावरून मॉडेल शोधायचंय? आधी डी२ करून बघ

सर्व्हरवरच्या थ्रीडी मॉडेलांमधून सारख्या आकाराचं मॉडेल कसं शोधायचं, असं तू विचारलंस म्हणून सांगतो. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात आमच्या वर्कशॉपच्या सर्व्हरवर एकच फ्लँज (पाइप जोडायची चकती) ‘नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल२’ अशा तीन नावांनी पडून होता. नावावरून शोधणं तिथेच संपतं.

लगेच डीप लर्निंगच्या मागे लागू नकोस. डी२ ही आकारांची तुलना करायची साधी पद्धत समजून घे: मॉडेलच्या पृष्ठभागावरचे कुठलेही दोन बिंदू घ्यायचे, त्यांच्यातलं अंतर मोजायचं, असं लाखभर वेळा करून हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं अंतर किती वेळा आलं याचा आलेख, काढायचा. दोन मॉडेलांचे हिस्टोग्राम जुळले तर आकार बहुधा जवळचे. मॉडेल कसंही फिरव, फरक पडत नाही. फक्त पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीचा असतो, तेव्हा बिंदू घेताना त्रिकोण क्षेत्रफळाच्या प्रमाणात निवड, नाहीतर बारीक जाळीच्या फिलेटवरच (गोलसर केलेल्या कडेवरच) सगळे बिंदू गोळा होतात. माझे झाले होते!

एसटीएल फाइलमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीच्या थ्रीडी फाइलमध्ये, एकक लिहिलेलं नसतं. इंचातली फाइल मिलिमीटर समजून मी दोन दिवस डोकं फोडलं, सगळं २५.४ पट लहान. यावर उपाय म्हणजे प्रत्येक अंतराला सरासरी अंतराने भागायचं. पण मग लहान-मोठा बुशही (नळीसारखा भाग) सारखाच दिसतो, म्हणून मूळ माप वेगळ्या रकान्यात ठेव.

आणि हो, डावा ब्रॅकेट नि उजवा ब्रॅकेट डी२ला एकच. आरशातली प्रतिमा त्याला कळत नाही. पहिले दहा निकाल डोळ्यांनी तपासल्याशिवाय सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवाल्याकडे) फाइल पाठवू नकोस.

सरावाला प्रिन्स्टन शेप बेंचमार्क हा थ्रीडी मॉडेलांचा चाचणीसंच घे. २००४चा आहे, १,८१४ मॉडेलं, साध्या लॅपटॉपवरही चालेल. अडलास तर रविवारी ये, सकाळी नको.