वाचकांचे प्रश्न : बॅगेत काय भरू?

प्रश्न : ताई, मी तीन महिने लेकाकडे आइंडहोवेनला राहतेय, सप्टेंबरअखेर परत निघेन. बावीस जणांना काहीबाही न्यायचं आहे : जावा, नणंदा, भिशीच्या मैत्रिणी, शेजारची दोन लहान मुलं. लेक म्हणतो, विमानतळावर चॉकलेटं घे आणि मोकळी हो. सून म्हणते, ट्युलिपचे कंद न्या. आमच्याकडची निम्मी माणसं अंडंसुद्धा खात नाहीत. २०० युरो बाजूला ठेवलेत. हॉलंडचं म्हणावं असं काय नेऊ?
– एक वाचक, सध्या मुक्काम आइंडहोवेन

उत्तर : काकू, लेकाचं ऐकू नका. विमानतळावरचं चॉकलेट बहुधा बेल्जियमचं नाहीतर स्वित्झर्लंडचं निघतं. सुनेची कल्पना गोड आहे, पण युरोपबाहेर कंद न्यायचे तर रोपं निरोगी असल्याचा सरकारी दाखला सोबत लागतो. शिवाय त्या कंदाला फुलण्याआधी तीनेक महिने कडक थंडी हवी. तेवढे दिवस फ्रिजमधली भाजी बाहेर काढून कंद कोण ठेवणार?

माझी स्वतःची फजिती सांगते. इथे आले त्या वर्षी ॲमस्टरडॅममधल्या एका दुकानातून पवनचक्कीच्या सहा निळ्या बशा ‘हाताने रंगवलेल्या’ म्हणून घेतल्या. माझी मावशी चित्रकलेची शिक्षिका. तिने सहाही बशा ओळीने मांडल्या, चष्मा लावला आणि म्हणाली, “अगं, सहाही बशांवर रंगाचा ओघळ एकाच पात्याखाली कसा गं आला?” छापील होत्या! अशी निळ्या नक्षीची भांडी ही डेल्फ्ट गावची खासियत, खरं काम बघायचं तर डेल्फ्टलाच जा. तिथे १६५३ पासूनचा कारखाना अजून चालू आहे. कारागीर कोबाल्टचा रंग लावतो तेव्हा तो काळपट असतो, भट्टीतून निघाल्यावर निळा होतो. बशीच्या पाठीवर छोट्या बरणीची खूण आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. मात्र बावीस जणांचं काम नव्हे हे. ज्याला त्यातलं कळतं अशा एखाद्यालाच घ्या. एका बिलावर ५० युरोंहून जास्त खरेदी झाली, तर दुकानातून कर-परताव्याचा कागद मागून घ्या.

बाकीच्यांसाठी भेटवस्तूंच्या दुकानात पाऊलच टाकू नका, सरळ किराणा सुपरमार्केट गाठा. तिथे बिस्किटं-जॅमच्या रांगेत ‘माउश्येस’ मिळतात. शब्दशः अर्थ ‘उंदरुल्या’. असतात मात्र साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या गोळ्या, टोकाला उंदराच्या शेपटीसारखी बारीकशी काडी राहिलेली. घरात बाळ आलं की डच लोक कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी फासून त्यावर या पेरतात आणि आल्यागेल्याला देतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या. आपल्या बारशाच्या पेढ्यांसारखंच. भिशीच्या तबकात मुखवास म्हणून ठेवा आणि ही गोष्ट सांगा. फक्त गुलाबी खोक्यावर ई१२० लिहिलंय का ते पाहा. तो रंग किड्यांपासून काढतात.

स्ट्रोपवाफल, म्हणजे मधे पाक भरलेली पातळ बिस्किटासारखी चकती, न्याच. ही गाउडा गावची मिरास. गरम चहाच्या कपावर झाकणासारखी ठेवायची, वाफेने आतला पाक सैल होतो. पण बऱ्याच पाकिटांत अंडं असतं. घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत ‘इ’ आणि ‘आय’ एवढाच दोन अक्षरी शब्द दिसला, तर ते पाकीट खाली ठेवा.

घरासाठी म्हणून चीजचा एकच तुकडा घ्या, जिरं घातलेला. हो, जिरं! लायडनचं चीज त्यासाठीच प्रसिद्ध. ‘कोमैन’ म्हणजे जिरं, एवढा शब्द पाठ करा. दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणून दुकानदाराला ‘वेखेटारिस’ आहे का ते विचाराच. चीजच्या दुकानात चव दाखवतात, हवाबंद पाकीटही करून देतात.

शेजारच्या मुलांना ड्रोस्टे कोकोचा डबा. डब्यावर एक परिचारिका ट्रे घेऊन उभी आहे, ट्रेमध्ये तोच डबा, त्या डब्यावर पुन्हा तीच बाई, तोच ट्रे. १९०४ च्या सुमाराचं हे चित्र. माझा भाचा भिंग घेऊन अर्धा तास शेवटची बाई शोधत बसला होता.

जावा-नणंदांसाठी माझी आवडती वस्तू म्हणजे ‘फ्लेसनलिकर’, बाटली चाटणारा! लांब दांडा आणि टोकाला अर्धचंद्राकृती रबर. इथे पूर्वी पातळ कस्टर्ड काचेच्या बाटलीत यायचं, त्याचा शेवटचा थेंब खरवडायला हे वापरत. वजन नाही, किंमत चार पैसे. माझ्या वहिनीने मुद्दाम फोन करून कळवलं होतं, “संपलेल्या केचपच्या बाटलीतून आणखी दोन दिवसांचं केचप निघालं!” यापेक्षा मोठी पावती मला कुठल्याच भेटीला मिळालेली नाही.

तारीख असलेलं पण वार नसलेलं वाढदिवसांचं कॅलेंडरही छान. वर्षानुवर्षं चालतं. डच लोक ते संडासात टांगतात, तेवढं मैत्रिणींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लाकडी बूट वजनाने हलके, पण जागा फार खातात, त्यांचा नाद सोडा.

राहता राहिलं ‘ड्रॉप’, इथल्या लोकांच्या जिवाभावाची काळी गोळी. ज्येष्ठमधाची, त्यातही खारी. अनेकांत जिलेटिन असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींना नको. मी एकदा दिरांना मोठ्या कौतुकाने दिली. तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, “वहिनी, ही गोळी आहे की कल्हईवाल्याचं सामान?” मी पाकीट वाचलं. त्यात खरोखरच नवसागर होता.