भिगवणला ट्रायपॉड नेऊ नका

पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणून पहिल्याच कॅमेऱ्यासोबत ६०० एमएमची लेन्स घेऊ नका. ७०-३०० एमएमच्या लेन्सवर आधी वर्षभर हात बसू दे. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात होडी सतत डुलते, तिथे ट्रायपॉडचा उपयोग शून्य. कोपरं बरगड्यांना टेकवा आणि उडत्या रोहितांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. नावाड्याला थव्यात घुसायला सांगू नका, प्लीज.

आणि पावसाळा! कासहून आल्यावर ओलसर बॅग मी तशीच कपाटात कोंबली. दोन महिन्यांनी लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी. आता डाळीचा हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. बायको त्या डब्यावरून अजून ऐकवते.