मणक्यात गॅप निघाला म्हणून मणके जोडून घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय: वडील ४६ वर्षांचे, केज तालुक्यातले, वीस वर्षं ऊस तोडतात. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्या सुकलेल्या निघाल्या आणि स्क्रू टाकून मणके जोडायला सांगितलंय. दिवाळीनंतर टोळी निघायच्या आत करून घ्यावं का?

मी लातूरला मणक्याची ऑपरेशन्स करतो. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर माझं उत्तर: आत्ता नको.

रिपोर्ट हातात पडला की आपल्याकडे ‘गॅप निघाला’ म्हणतात आणि घर हादरतं. पण कंबर कधीच न दुखलेल्या पन्नाशीतल्या दहा माणसांचा एमआरआय काढला तर आठांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. दुखणं त्याच गादीतून येतंय, हे फोटो सांगत नाही. गादीत सुई घालून बघणं, काही दिवस प्लास्टरचा पट्टा बांधून बघणं, हेही करून झालंय. जोडण्याचा गुण कुणाला येईल, ते त्यातूनही भरवशानं कळत नाही.

मणका पुढे सरकलाय, वाकून आणि मागे झुकून उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत तो हलताना दिसतो, चाललं की पाय भरून येतात. किंवा क्षयानं, गाठीनं, मारानं हाड खचलंय, अशा वेळी मी जोडायला तयार असतो. कारण तिथं नेमकं काय दुरुस्त करायचं ते मला दिसतं. नुसती नस दाबून पायात कळ जात असेल तर बहुतेक वेळा नस मोकळी करून भागतं, स्क्रू लागत नाहीत.

नुसत्या कंबरदुखीसाठी जोडण्याचा अभ्यास झालाय. स्वीडनमध्ये २००१ साली ऑपरेशनवाले नेहमीच्या फिजिओथेरपीवाल्यांपेक्षा बरे निघाले. तरी त्यांचंही दुखणं सरासरी एक तृतीयांशच उतरलं होतं. ब्रिटनमध्ये २००५ साली ऑपरेशनसमोर सुमारे ७५ तासांचा कसून व्यायाम आणि समुपदेशन ठेवलं, तेव्हा कंबरदुखीनं रोजची कामं किती अडतात ते मोजणाऱ्या १०० गुणांच्या मापावर फरक उरला जेमतेम चारचा. म्हणून मी आधी विचारतो, व्यायाम किती महिने केला? शेक आणि चार दिवसांचं मशीन म्हणजे व्यायाम नव्हे.

आता कामाचं बोलू, कारण मला खरी काळजी तिथली आहे. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करायचं आणि ती फेडायला डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं, हे जमणार नाही. हाड सांधायला महिने लागतात. वडील बिडी ओढत असतील तर ते सांधेलच असं नाही, ती आधी सुटली पाहिजे. शिवाय जोडलेल्या भागाच्या वरच्या गादीवर ताण वाढतो. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘यानंतर ते ऊस तोडतील का?’ ते चिडले तर दुसऱ्याला दाखवा.

एक मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधीर झाली, पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर क्षयाची तपासणी आधी.

दुखणं गुडघ्याखाली उतरतं का आणि उभ्यानं वाकून काढलेल्या एक्स-रेत मणका हलताना दिसतो का, हे दोन्ही लिहून कळवा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर मला पुन्हा विचार करावा लागेल.