स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि टायर एवढे भारी असतात, मग ती साध्या कारपेक्षा सुरक्षित नाही का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तुमचा 26 वर्षांचा धाकटा भाऊ 450 अश्वशक्तीची सेकंड-हँड जर्मन स्पोर्ट्स कार घेतोय. ब्रेक, टायर, एअरबॅग सगळं सरस असल्यामुळे ही गाडी साध्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, असं तो म्हणतो. हे खरं का? आणि त्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहावं का? माझं इंदूरमध्येच टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. अशा गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेकबद्दल तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबायला साध्या हॅचबॅकला 40-45 मीटर लागत असतील, तर चांगल्या टायरवरची स्पोर्ट्स कार 35 च्या आसपास थांबते. पण ही तुलना दोन्ही गाड्या एकाच वेगाला असतील तेव्हाची. हॅचबॅकच्या वेगानेच जायचं असेल तर 450 अश्वशक्तीला पैसे कोण मोजेल? आता 150 चा हिशेब करा. त्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 42 मीटर जाते. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 60 मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायरवरसुद्धा 80-90 मीटर हवेत. एकूण झाले दीडशे मीटर. आणि रात्री लो बीममध्ये, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली असताना, रस्ता नीट दिसतो तो साधारण 50-60 मीटर. गाय, उलटी येणारी ट्रॉली, बंद पडलेला ट्रक, जे काही त्या उजेडात येईल ते दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. इथे कुठलेही ब्रेक पुरत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त काळजी गाडीबाहेरच्या माणसांची वाटते. बायपासच्या एखाद्या कटवर स्कूटर घेऊन उभा असलेला माणूस येणारी गाडी पाहून अंदाज बांधतो की आपण निघून जाऊ. हा अंदाज त्याने आयुष्यभर साध्या गाड्या पाहून बसवलेला असतो. 100 मीटरवरची गाडी 60 ने येत असेल तर तिला त्याच्यापर्यंत यायला 6 सेकंद लागतात. तेवढ्यात तो पलीकडे जातो. तीच गाडी 150 ने येत असेल तर 2.4 सेकंद. समोरून येणारे दोन दिवे दोन्ही वेळा सारखेच दिसतात. त्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नसतं, तरी तो रस्त्याच्या मधोमध सापडतो. तुमच्या भावाचा हात कितीही चांगला असो, त्या स्कूटरवाल्याचा अंदाज तो सुधारू शकत नाही.

"मी रात्री उशिरा चालवीन, तेव्हा रस्ते मोकळे असतात," असं तो म्हणेल. हे दुसऱ्या एखाद्या शहरात कदाचित चालेल. आपल्याकडे सराफा, म्हणजे खाण्याचा बाजार, रात्रीच भरतो. मध्यरात्रीनंतर भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन लेकरांना पुढे उभं करून स्कूटरवर घरी निघालेली कुटुंबं तुम्हीही पाहिली आहेत. सुपर कॉरिडॉर रुंद आहे, सरळ आहे, म्हणून पोरांना तो ट्रॅक वाटतो. पण त्याच रस्त्यावरून आयटी कंपन्यांतली मुलं शिफ्ट संपवून घरी जातात, आणि चौकात कोण कुठून वळेल याचा भरवसा नसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. वेगाने माणसं मारणाऱ्या बहुतेक गाड्या स्पोर्ट्स कार नसतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. मेलेल्यांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. यात साध्या गाड्या, जीप, ट्रक सगळे आले. मग स्पोर्ट्स कारचीच भीती का घालतो? कारण साधी गाडी 120 च्या पुढे स्वतःच कुरकुर करते. इंजिन ओरडतं, स्टिअरिंग हलकं पडतं, वारा आत घुमतो, आणि आपोआप पाय सैल होतो. 450 अश्वशक्तीच्या गाडीत 140 ला बसल्याजागी 80 सारखं वाटतं. शून्यापासून 100 ला ती 4 सेकंदांत पोचते, आणि तेवढ्यात जेमतेम 55-60 मीटर कापलेले असतात. पलासियाचा सिग्नल सुटून मागचा रिक्षावाला गिअर टाकेपर्यंत तुमच्या भावाने शहरातली वेगमर्यादा मोडलेली असेल, आणि त्याला ते जाणवणारही नाही. हा मोह वाईट माणसालाच होतो असं नाही. चांगल्या, घरच्यांवर जीव असलेल्या पोरांनाही होतो.

आता टायर, हा माझा विषय. या गाड्या इथे फार चालत नाहीत. पावसाळा, खड्डे, स्पीड ब्रेकर यांना भिऊन वर्षातले बरेच महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. त्यामुळे सेकंड-हँड गाडीचे टायर बघाल तर खाचा अगदी नव्यासारख्या, आणि रबर कडक झालेलं. मालकाला वाटतं टायर चालला नाही म्हणजे टायर नवा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2318 म्हणजे 2018 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. त्यातून या गाड्यांचे रुंद टायर कोरड्या, गरम डांबरासाठी बनवलेले असतात. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, आणि मागच्या चाकांना एवढी ताकद मिळाली की गाडीचं शेपूट निघायला वेळ लागत नाही. जुलैत, भर पावसात, महूजवळच्या जाम गेटला फिरायला जाणाऱ्यांना हे मी ओरडून सांगतो.

अभिनेता पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 ला कॅलिफोर्नियात गेला, तो पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये. गाडी चालवणारा त्याचा मित्र हौशी रेसर होता, म्हणजे नवशिका नव्हता. तपासात निघालं की ताशी 72 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी 130 ते 150 च्या दरम्यान होती, आणि टायर 9 वर्षांचे होते. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. "माझा हात बसलेला आहे" असं कुणी म्हटलं की मला हाच अपघात आठवतो.

आणि पुणं तर आपल्याला विसरता येणारच नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकानने मोटरसायकलला उडवलं. गेलेली दोन्ही तरुण मुलं आपल्याच मध्य प्रदेशातली, एक जबलपूरची आणि एक उमरियाचा. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. टायकानचे ब्रेक जगातल्या उत्तम ब्रेकांपैकी आहेत, एअरबॅगही तशाच. आतले वाचले. तुमच्या भावाच्या सुरक्षिततेच्या हिशेबात मोटरसायकलवरची ती दोघं कुठे बसतात, हे त्याला एकदा शांतपणे विचारा.

दंडाच्या भीतीने कुणी हळू होईल अशी मला आशा नाही. अतिवेगाला कायद्यात हलक्या वाहनासाठी 1000 ते 2000 रुपये दंड आहे. ही गाडी घेणाऱ्याला तो एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. बेदरकारपणे कुणाचा जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं.

या वेगाला रस्ता कसा लागतो ते पाहायचं तर इंदूरच्या जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. 2021 मध्ये तिथे 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला. रुंदी 16 मीटर, चार लेन, आणि वळणं अशी तिरकी बांधलेली की 250 ला स्टिअरिंग न वळवता गाडी वळणातून जाते. तिथे कट नाही, सिग्नल नाही, समोरून कुणी येत नाही. म्हणजे 250 साठी माणसाने रस्ता बांधायचा ठरवलं तेव्हा एवढं सगळं करावं लागलं. तो ट्रॅक कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आपली गाडी घेऊन सहज आत जाता येत नाही. भावाला वेगाची खरीच आवड असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नई किंवा कोइंबतूरचा ट्रॅक आहे. तिथे शिकवणारे भेटतात, आणि गाडी सुटली तरी समोर कुणाचं लेकरू नसतं. ट्रेलरवर गाडी घालून नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

जामिनाचं म्हणाल, तर मी तुमच्या जागी असतो तर 450 च्या गाडीला सही केली नसती. कर्ज बुडेल म्हणून नाही. त्याला सांगा, दीडशेच्या आसपास अश्वशक्तीची चांगली गाडी घे, तिला मी आनंदाने जामीन राहतो, वर ट्रॅकवर शिकायची फी मी भरतो. तो चिडेल, थोडे दिवस बोलणार नाही. तरीही ऐकलं नाही आणि स्वतःच्या पैशांनी घेतलीच, तर पहिल्या दिवशी कुठल्याही दुकानात नेऊन चारही टायरांवरचे ते आकडे वाचून घ्या, सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर खाचा न बघता बदला, आणि गाडी घसरू न देणारी जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते ती रस्त्यावर कधीही बंद करणार नाही हे त्याच्याकडून आईसमोर कबूल करून घ्या.