वाचक विचारतात : वेल मरते, बाग राहते

प्रश्न : अथणी तालुक्यात माझी बेदाण्याची बाग आहे. पंधरा वर्षांत ती काढायची वेळ येते. फ्रान्सच्या शातो लातूरमध्ये जुन्या वेली कशा टिकवतात? ते आपल्याकडे जमेल का?

उत्तर : हे लातूर आपलं नव्हे; फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे मनोरा. बोर्डोजवळच्या पोइयाकची ही वाइनची इस्टेट तिथल्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या वर्गात आली. तिच्या ४७ हेक्टरांच्या मूळ तुकड्यात मेलेली वेल तेवढी बदलतात आणि नव्या वेलींची फळं वेगळी तोडतात. कोणती वेल किती वर्षांची, याचा हिशेब ठेवणं हीच तिथली खरी मेहनत.

तिथे हेक्टरी १०,००० वेली, म्हणजे मीटरभर अंतर आणि वेल ठेंगणी. आपल्या ९ बाय ५ फुटांत एकरी ९६८ वेली बसतात, मंडप दाट होतो आणि त्याच्या सावलीत नवं रोप लांबोडकं होतं. म्हणून एखाददुसरी तूट असेल तर शेजारच्या वेलीचा ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) वाढवून घ्या, ते स्वस्त पडतं. रोपच लावायचं तर जुनी मुळं खणून फेब्रुवारीत डोगरीज जातीचा खुंट (ज्यावर कलम करायचं ते मुळाचं रोप) लावा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्याला भरपूर ऊन मिळतं. खोड पेन्सिलएवढं झालं की सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमिनीपासून फूटभर वर, दोन डोळ्यांच्या पक्व काडीचं पाचर कलम करा. खुंटाची फूट वरचेवर काढा.

रोपं बहुतेक पाण्यावाचून जातात. एप्रिलच्या छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत, सूक्ष्म घडनिर्मितीसाठी (डोळ्यात पुढचा घड तयार व्हावा म्हणून), आपण बागेचं पाणी कमी करतो. तेव्हा मोठी वेल तग धरते, रोप सुकतं. त्याला वेगळी नळी द्याच. दुसरी चूक बोदाची (ओळीतल्या मातीच्या वरंब्याची) : माती चढवताना कलमाचा जोड बुजला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि खुंट लावल्याचा उपयोग उरत नाही. ओळीतली दर पाचवी वेल गेली असेल, तर आमच्या मते सांधत बसू नका, नवी लागवड करा.

प्रश्न : एवढं जुनं नाव, मग तिथे नवं काय केलं?

उत्तर : १९६४ मध्ये लाकडी टाक्या जाऊन स्टेनलेस स्टीलच्या आल्या, त्यामुळे आंबवतानाचं तापमान हाती राहिलं. १९९३ मध्ये फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांनी इस्टेट घेतली. काही भागात पुन्हा घोड्यानं नांगरट सुरू झाली, शेती सेंद्रिय झाली. २०१२ मध्ये तर त्यांनी वाइन पिंपात असतानाच आगाऊ विकायची बोर्डोची रीत सोडली; आता बाटली पिण्याजोगी झाली की बाहेर काढतात. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा ठेवून भावाची वाट पाहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको; फक्त तिथे ही वाट दहा-दहा वर्षांची असते.